गाडी दाखवताना चालवणारीकडे बघा

आज भाचीला घेऊन शहरातल्या एका शोरूममध्ये जाऊन आल्यापासून माझा संताप कमी झालेला नाही. गाडी तिला घ्यायची होती, पैसे तिच्या पगारातले होते आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ती रोज स्प्लेंडरवरून जाते, हे मी सुरुवातीलाच सांगितले होते. तरीही विक्रेता शेवटपर्यंत माझ्याकडे बघून बोलत राहिला, आणि तिने टेस्ट राइड मागितल्यावर "काका, आधी बुकिंग करा, मग बघू," एवढेच उत्तर मिळाले. एवढी रक्कम मोजायची, कर्जाचे हप्ते भरायचे, आणि गाडी चालवूनही बघायची नाही?

शेवटी तिनेच बाहेर उतारावर लावलेली साडेतीनशे सीसीची गाडी साइड स्टँडवरून सरळ केली आणि मागे चढाकडे ढकलून बघितली. गाडी जागची हलली नाही. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकत होते. "मामा, पावसात चढावर थांबावे लागले तर हिला सावरता येईल का?" असे तिने विचारले. गाडी निवडताना पहिला प्रश्न हाच असायला हवा, आणि आत तो कोणालाच सुचला नव्हता.

आपल्याकडे मोठी गाडी म्हणजे बुलेट, हे ठरून गेले आहे. स्प्लेंडरचे वजन सुमारे 112 किलो आहे, तर बुलेटच्याच रॉयल एनफिल्ड कंपनीच्या क्लासिक 350 चे 195 किलो. सीटच्या उंचीत कागदावर जेमतेम 20 मिलिमीटरचा फरक दिसतो, पण सीट रुंद असली की पाय फाकतात आणि जमीन आणखी लांब जाते. ताकद म्हणाल, तर क्लासिक साधारण 20 अश्वशक्तीची आहे, आणि तेवढीच ताकद अपाची आरटीआर 200 सुमारे दीडशे किलो वजनात देते. बुलेटचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो आणि घाटात गिअर कमी बदलावे लागतात, हे मान्य. पण त्या उतारावर भाचीला टॉर्कचा काय उपयोग होता?

थेट चारशे सीसी घे, म्हणजे परत बदलायला नको, असे सांगणारे मित्रही भेटले. केटीएमची 390 ड्यूक तर वजनाला क्लासिकपेक्षा हलकीच आहे, पण तिची ताकद 40 अश्वशक्तीच्या वर जाते. स्प्लेंडरच्या आठ अश्वशक्तीवर तयार झालेल्या मनगटाने थ्रॉटल जरा जास्त पिळला, तर काय होईल याचा विचार सल्ला देणाऱ्याने करायला नको का? शिवाय सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत 18 टक्के आणि त्यापुढे 40 टक्के जीएसटी आहे. दोन-तीन वर्षांनी तिला पुन्हा गाडी बदलावीशी वाटेल, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नाही, पण तेव्हाचे तेव्हा बघता येईल.

मला काळजी ब्रेकची आहे. शनिवारी ती राधानगरी रस्त्याने गावी जाते. गळीत हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे रिफ्लेक्टर नसतो, शेतातून वर आलेल्या टायरांचा चिखल डांबरावर पसरतो आणि त्यावर पाचट पडलेले असते. वेग 40 वरून 80 झाला की ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर चौपट होते. 125 सीसीवरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे, पण सिंगल चॅनेल फक्त पुढचे चाक सांभाळते. त्यामुळे दोन्ही चाके सांभाळणारे ड्युअल चॅनेल नसेल तर ती गाडी घ्यायची नाही, असे मी तिला स्पष्ट सांगितले आहे.

इतके लिहिल्यावर त्या विक्रेत्याबद्दलचा राग थोडा ओसरला. पोरसवदा मुलगा होता, महिन्याचे टार्गेट त्याच्याही मानेवर असणार. पण गाडी उतारावर अडली तेव्हा तो दारात उभा राहून बघत होता, मदतीला आला नाही, हे मात्र मी विसरणार नाही.

आता मित्रांकडे एक मागणे आहे. कोणाकडे आरटीआर 200 किंवा पल्सर एनएस 200 असेल, तर रविवारी सकाळी कळंब्याच्या बाजूला अर्धा तास तिला चालवायला द्यावी. लायसन्स आणि हेल्मेट तिच्याकडे आहे, आणि पेट्रोल आम्ही भरू.