झडत्या दुकानात मिळत नाहीत

"मराठीच्या तासाला प्रकल्प म्हणजे शहरी चोचले. मुलं दुकानातून चित्रं आणून चिकटवतात. खेड्यातल्या पोरांना आधी धड वाचता येऊ द्या." हा मजकूर सध्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे. यवतमाळकडच्या एका लहान गावात मी सातवीला मराठी शिकवतो, म्हणून उत्तर देतो.

चित्रांचं म्हणणं खरं आहे. तसले गठ्ठे मीही तपासले आहेत. पण 'संतांची माहिती जमवा' म्हटलं की पोरगं दुकानातच जाणार. आम्ही पोळ्याआधी सांगितलं, आपापल्या आज्याकडून झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणतात ती यमकांची गाणी, उतरवून आणा. एकाच झडतीची तीन घरांतून तीन रूपं आली आणि खरी कोणती यावर वर्गात भांडण जुंपलं. मग कोणी सांगितली, त्यानं कुठं ऐकली, हे प्रत्येकाला लिहावं लागलं. 'पाठभेद' हा शब्द फळ्यावर त्यानंतर आला.

शहरी म्हणाल, तर शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांचा प्रकल्प पद्धतीवरचा निबंध १९१८ चा, अमेरिकेतला, हे कबूल. पण १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पुढं झाकीर हुसेन समितीनं सूतकताईसारख्या हातकामाला मातृभाषा आणि गणित जोडून अभ्यासक्रम आखला. वर्धा आमचा शेजारचाच जिल्हा.

आता 'आधी वाचता येऊ द्या'. माझ्या वर्गातली एक मुलगी पुस्तकातला उतारा दर ओळीला अडखळत वाचायची. शेतीच्या शब्दांची वही करताना तिनं आईला विचारून 'बांध'समोर 'धुरा' लिहिलं, 'खुरपणी'समोर 'निंदण', 'कपाशी'समोर 'पऱ्हाटी'. निंदणाला बाया कशा जातात, यावर अर्धं पान लिहिलं आणि ते सलग वाचून दाखवलं. घरची बोली चूक नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. त्यानंतर पुस्तकातला 'बांध' आला की ती थांबत नाही. जोडाक्षरं मात्र बसवून शिकवावी लागतात, त्याचा तास मी वेगळा ठेवतो. प्रकल्प त्याची जागा घेत नाही.

वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतात असतो, हीही अडचण खरीच. म्हणून सगळं काम दिवाळीआधी, शाळेतच उरकायचं. घरी फक्त विचारून यायचं.

गठ्ठा तपासताना मी दोनच गोष्टी बघतो: सांगणाऱ्या माणसाचं नाव लिहिलं आहे का, आणि पान मिटून पोराला ते सांगता येतं का. नाही आलं तर चित्र कितीही देखणं असो, वही परत देतो.