‘टायमिंग बेल्ट तुटेल तेव्हा बदलू’: मामांच्या मेसेजला उत्तर

परवा आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज ढकलला. संध्याकाळी तोच सोसायटीच्या ग्रुपवरही आला. म्हणणं असं: टायमिंग बेल्ट (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारा रबरी पट्टा) आधीच बदलायला सांगणं ही वर्कशॉपवाल्यांची लूट, बेल्ट जायला आला की आवाज देतो, गाडी कमी चालत असेल तर बदलायची गरजच नाही, आणि तुटलाच तर नवा टाकायचा, काम संपलं.

आधी आवाजाचं बघू. सकाळी गाडी चालू करताच चीं करतो तो फॅन बेल्ट. तो पुलीवर घसरतो म्हणून ओरडतो. टायमिंग बेल्टला आतून दाते असतात, ते पुलीच्या खाचांत बसतात. घसरणंच नाही, तर ओरडणार कुठून? कधी बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग गुणगुणतं, तेवढंच. बेल्टचे दाते उडतात किंवा आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या तुटतात, ते बहुतेक वेळा चालत्या गाडीत आणि न सांगता. कव्हर काढून पाहिलं तरी खात्री नाही. भेगा दिसल्या तर बेल्ट गेला, हे खरं. दिसल्या नाहीत म्हणून तो चांगला, असं नाही.

‘तुटला तर नवा टाका’ हे वाचून मला भेरूघाट आठवला. ओंकारेश्वरहून परतताना आमची जुनी डिझेल गाडी त्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गपकन बंद पडली. धूर नाही, धमाका नाही. चावी फिरवली तर स्टार्टर नेहमीपेक्षा भरभर फिरला. सिलिंडरची हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह नीट मिटतच नव्हते, मग कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबली जाणं, कुठलं? तरी मी आणखी तीनदा चावी मारली, ही माझी अक्कल.

झालं होतं असं. पिस्टनला जोडलेल्या क्रँकचे दोन फेरे तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा एक, हा हिशेब बेल्ट सांभाळतो. तो तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. गाडी मात्र गिअरमध्ये असते, चाकं क्रँकला फिरवत राहतात आणि पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतात. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवल्यावर मिस्त्रींनी एक व्हॉल्व्ह काचेवर ठेवून लोळवला. तो लंगडत गेला. “ये देखो, सब मुड़ गए.” पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढ्या चंद्रकोरी उमटल्या होत्या. बेल्ट बदलायचं काम हेड उतरवायच्या कामावर गेलं, आणि बिल कित्येक पटींनी वाढलं.

काही पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. तिथे फक्त गाडी ओढून आणावी लागते. डिझेलमध्ये ही आशा धरू नये.

कमी चालणाऱ्या गाडीचं म्हणाल, तर मॅन्युअलमध्ये बहुधा किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. जे आधी भरेल ते धरायचं. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, वर सीलमधून तेल झिरपलं तर आणखी लवकर. शिवाय राजवाड्याच्या गर्दीत इंजिन अर्धा तास फिरतं आणि मीटर चार किलोमीटर सरकतो.

लुटीचा मुद्दा मात्र मी पूर्ण खोडणार नाही. अल्टो ८०० ला बेल्ट आहे, के-१० ला त्याच कामाची धातूची चेन. डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट, स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन. चेनच्या गाडीला कुणी बेल्टचं बिल लावलं तर भांडाच. आणि जुना बेल्ट हातात मागून घ्या. पण टेन्शनर आणि, बेल्टवरच फिरत असेल तर, वॉटर पंपही सोबत बदला म्हणाले, तर ती लूट नव्हे. तो पंप नंतर अडकला तर नवा बेल्टही घेऊन जाईल आणि उघडझाकीची मजुरी पुन्हा पडेल.

मामा, तुमची गाडी आठ वर्षांची आहे, आणि तिचं मॅन्युअल अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे, हे मी दिवाळीत पाहिलंय. रविवारी येतो. चहा ठेवा, ते पान काढून बघू.