आरसा, बांगडे आणि माझं लायसन्स

आज दुपारी एकपासून चार वाजून गेले तरी माझं ड्रायव्हिंग लायसन्स पणजीत, अठरा जून रस्त्यावरच्या एका दुकानाच्या ड्रॉवरमध्ये बंद होतं आणि मी बाहेर रस्त्यावर होतो. चोरी केली नव्हती. घड्याळ उन्हात कसं दिसतं एवढंच बघायचं होतं.

जुनं घड्याळ का गेलं ते थोडक्यात: घाम, खारा वारा, सात वर्षं. एक बटण आत गेलं ते आतच राहिलं. धावण्याचं घड्याळ घ्यायचं तर हल्ली पहिला प्रश्न किमतीचा नसतो, पडद्याचा असतो. एमोलेड की मिप? म्हणजे स्वतः पेटणारा पडदा की बाहेरच्या उजेडावर दिसणारा? मिरामार ते दोनापावल धावणाऱ्या आमच्या पहाटटोळीत यावरून दोन तट पडलेत आणि एका सदस्याने याच कारणावरून चहाचे पैसे देणं बंद केलंय. तसा तो आधीही देत नव्हता, पण आता त्याला तात्त्विक बैठक मिळाली.

हे वेड मिरामारला आलं केव्हा तेही सांगतो. 2019च्या ऑक्टोबरात इथे पहिल्यांदा आयर्नमॅन 70.3 ही शर्यत झाली. 1.9 किलोमीटर पोहायचं, 90 किलोमीटर सायकल, वर 21.1 किलोमीटर धावायचं. मी कठड्यावर बसून कणीस खात बघत होतो. माणसं समुद्रातून धापा टाकत बाहेर यायची आणि पहिलं काय करायची, तर मनगट बघायची. जिवंत आहोत की नाही हेसुद्धा तिथेच कळत असावं. तेव्हापासून आमच्याकडे पोट सुटलेल्या माणसालाही घड्याळ जीपीएसवालंच लागतं. पोट माझंच.

माझी अडचण अशी, की मी पावणेसहाला निघतो तेव्हा काळोख असतो आणि परततो तेव्हा ऊन डोळ्यांत घुसतं. म्हणजे जाताना एमोलेड हवं, येताना मिप. त्यात वय सत्तेचाळीस. चाळशी खिशात घेऊन कोणी धावत नाही.

तर दुकान. एसी, ट्यूबलाइट आणि खिडकी एकही नाही. छत्री विकणाऱ्याने गिऱ्हाइकावर बादलीभर पाणी ओतून दाखवावं असं मी म्हणत नाही, पण उन्हात वाचायचं यंत्र भुयारात बसून विकायचं म्हणजे काय? एमोलेडवाली घड्याळं समोर स्टँडवर, अलार्मच्या वायरने बांधलेली, जांभळी-नारिंगी चमकत होती. सगळ्यांत दहा वाजून दहा मिनिटं. मिपवालं एकच, खाली काचेच्या कपाटात, ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्यासारखं राखाडी.

"अंकल," काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "तुमच्या एजला एमोलेड बेस्ट. आकडे दिसतात तरी."

'अंकल' मी सोडून दिलं. 'एज' पण सोडून दिलं. 'तरी' अजून गेलं नाहीये. संध्याकाळचे आठ वाजलेत, समोर भात निवतोय आणि मी त्या 'तरी'पाशीच बसलोय.

मी म्हटलं, हे मिपवालं जरा उन्हात नेऊन बघतो. मुलगा म्हणाला, बाहेर नेता येत नाही. म्हटलं, पायरीपर्यंत. त्याने आतल्या खोलीत कुणाला तरी विचारलं आणि येऊन म्हणाला, "लायसन्स ठेवा." बावीस वर्षं मी लेखा खात्यात आहे. लोकांची लाखांची बिलं माझ्या हातून जातात आणि त्यातला एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. तीन पावलांसाठी मला लायसन्स ठेवा! मी ठेवलं, हे आणखी वाईट.

आणि नेमकं तेव्हाच स्टुलावरचे काका बोलले.

हे काका मी आल्यापासून तिथे होते. पायाशी पिशवी, पिशवीत बांगडे. ते कळायला पिशवी उघडायची गरज नव्हती. हातात एचएमटीचं चावीचं घड्याळ, त्याचा पट्टा बदलायला आलेले. वीज खात्यातून निवृत्त. हे सगळं त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत न विचारता सांगितलं. एचएमटीने जपानच्या सिटिझनबरोबर बेंगळुरूला घड्याळं करायला 1961 साली घेतली, आणि 1961च्याच डिसेंबरात गोवा मुक्त झाला, हा त्यांच्या मते योगायोग नव्हे.

"लोड किती?" त्यांनी मुलाला विचारलं.

"काय?"

"पडद्याचा लोड, मरे. वीज किती खातो?"

मुलाने फोनवर शोधून वाचलं. गार्मिनचं फोररनर 255, मिप, साल 2022: जीपीएस चालू ठेवून 30 तास. पुढच्याच वर्षीचं 265, एमोलेड: 20 तास.

"दहा तास गेले कुठे?"

मुलगा म्हणाला, पिक्चर क्वालिटी. आधीच्यात 260 बाय 260 ठिपके, 64 रंग. नव्यात 416 बाय 416.

"कसले ठिपके? दिवे आहेत की पाट्या?"

हा प्रश्न मला वेडगळ वाटला. नंतर लक्षात आलं, अख्ख्या दुकानात मुद्द्याचं तेवढंच कोणी बोललं होतं. एमोलेडचा प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतःचा दिवा. काळं दाखवायचं तर तो सरळ विझतो, म्हणून काळं इतकं काळं. मिपचा ठिपका स्वतः पेटत नाही. बाहेरून येणारा उजेड परत फेकतो, काळोखात मागून दिवा लावावा लागतो. शिवाय प्रत्येक ठिपक्यापाशी इवलीशी स्मृती असते, मेमरी इन पिक्सेल, म्हणून आकडा बदलेपर्यंत त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही आणि बॅटरी वाचते. माझं वाचन झालेलं होतं, मी हे ऐटीत सांगितलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे एकदा ऑर्डर दिली की पुढची ऑर्डर येईस्तोवर तसाच बसून?"

"हो."

"हलणार नाही?"

"नाही."

"तू लेखा खात्यात ना रे, बाब?"

मुलगा हसला. दुकानात पंचवीस मिनिटांत तो पहिल्यांदाच हसला.

मग काकांनी एमोलेडचं पूर्ण नाव विचारलं. त्यातल्या 'ओ'चा अर्थ ऑर्गॅनिक, हे कळताच त्यांनी पायाने पिशवी जरा पुढे सरकवली. "सेंद्रिय? म्हणजे हे पण नासणार." मुलगा म्हणाला, असं काही नसतं. असतं की. त्या दिव्यांतलं द्रव्य जळून जळून म्हातारं होतं, निळं सगळ्यांत आधी, आणि एकच चित्र सतत ठेवलं तर त्याचा डाग राहू शकतो. म्हणून घड्याळ ते चित्र गुपचूप किंचित इकडेतिकडे सरकवत राहतं. वर्षानुवर्षं वापरल्यावरची गोष्ट आहे ही, पण काकांना तेवढं पुरलं. "फ्रीजमध्ये ठेवायचं काय रात्री?" ते म्हणाले.

इथे मला आमच्या वाड्यावरचा तारवटी आठवला. बोटीवरून यायचा तेव्हा पावडर, साबण आणि सगळ्यांत पुढे घड्याळ. त्यातले आकडे लाल पेटायचे. पल्सर नावाचं असलं पहिलं घड्याळ 1972 साली अमेरिकेत विकायला आलं, 2,100 डॉलरना. याचं त्याच्या पुढच्या पिढीतलं स्वस्त भावंड असणार. ते लाल दिवे बॅटरी इतकी खायचे की आकडे एरवी विझलेलेच. वेळ बघायची तर दुसऱ्या हाताने बटण दाबायचं. हा गृहस्थ एका हातात मासळी घेऊन बाजारातून यायचा, वाटेत कोणी "किती वाजले?" विचारलं की मासळी कुठे ठेवू म्हणून चौफेर बघायचा. पुढे विजेला हलके, सतत दिसणारे एलसीडी आले आणि लाल दिवे गेले. आता पन्नास वर्षांनी आम्ही तीस हजार मोजून पुन्हा विझलेलं घड्याळ हातात बांधतोय. फरक एवढाच की बटणाऐवजी मनगट झटकायचं. सतत पेटतं ठेवायची सोय आहे, पण मग चार्जर उशाशी.

असो. मी मिपवालं घेऊन पायरीवर गेलो. उन्हात धरलं मात्र, फळा पुसून कोणी नव्याने खडूने लिहिल्यासारखे आकडे वर आले! पण तुलना कशाशी करू? एमोलेड आत, वायरने बांधलेलं. मी आत धावायचो, ते बघायचो, बाहेर यायचो, तोवर डोळे दिपलेले. तिसऱ्या खेपेला मुलगा म्हणाला, "अंकल, रनिंग बाहेर करा."

काका उठले. "घड्याळ उन्हात जात नाही तर ऊन आत आणूया," असं म्हणून बाहेर गेले आणि आपल्या स्कूटरचा उजवा आरसा पिळून काढला. बहुधा तो आधीच ढिला असावा, नाहीतर इतका आज्ञाधारकपणे निघाला नसता. मग फुटपाथवर उभे राहून ते आरसा कलता करून ऊन दुकानात फेकू लागले. पहिली तिरीप काउंटरवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीवर गेली. दुसरी एका गोऱ्या पर्यटकिणीच्या डोळ्यात; तिला वाटलं ही इथली काही प्रथा असावी, तिने हात जोडले. तिसरी छताला. "डावीकडे!" मी आतून ओरडत होतो, "खाली! अजून खाली!" मागे एका कारने हॉर्न धरला होता, कारण आरसा काढताना काकांनी स्कूटर अर्धी रस्त्यात घेतली होती. "खांबावर चढून तारा जोडल्यात मी," काका हॉर्नला सांगत होते.

आणि मग ऊन बरोबर दोन्ही घड्याळांवर पडलं. मिप फुलून आलं. एमोलेडने बिचाऱ्याने उजेड ओळखून आपले दिवे वाढवले, आकडे वाचता आले, खोटं का बोला. पण त्यांच्यावरून काचेत माझाच चेहरा दिसत होता, घामेजलेला, सत्तेचाळीस वर्षांचा. निकाल लागला असं मला वाटलं. ऊन हललं, ट्यूबलाइट परत आली आणि मिपवरचे आकडे वाचायला मी नकळत हात लांब धरला. मुलाने ते पाहिलं. काही बोलला नाही. 'तरी' तिथेच काउंटरवर होतं.

आणि निवड निवड म्हणून आपण नाचतो, पण ती उरलीय कितीशी? फोररनरची 2025ची 570 आणि 970 ही दोन्ही मॉडेलं एमोलेडच. गार्मिनच्याच 2024च्या फेनिक्स 8ला सौर आवृत्तीत मिप ठेवलंय, पण ती किंमत लेखा खात्याच्या माणसाने नुसती ऐकायची. दुकानात चमकतं ते खपतं. उन्हात कोण विकत घेतो? पावसाळ्यातले चार महिने ऊनच नसतं, तेव्हा काय, हेही मला कोणी विचारलं नाही. थेंब पडले की टचस्क्रीन आपल्या मनाने चालतो आणि मध्येच धावणं थांबवून टाकतो, हेही नाही. बटणं किती, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. ठिपके किती!

"एक वाजला," आतल्या खोलीतून आवाज आला.

गोव्यात एक वाजला की वाजला. मुलाने माझ्या हातातलं मिप काढून कपाटात ठेवलं, आम्हाला हलकेच पायरीवर आणलं, शटर ओढलं आणि बाइकला किक मारली. तो चौकात वळेपर्यंत मी "बाय" म्हणून हात हलवत होतो. मग काका म्हणाले, "आरसा?"

आरसा काउंटरवर राहिला होता. पट्ट्यासाठी काढून दिलेलं एचएमटी पण. माझं लायसन्स ड्रॉवरमध्ये. शटरवर लिहिलं होतं: चारला उघडेल.

लायसन्सशिवाय मी स्कूटर काढेना, आरशाशिवाय काका काढेनात. कोपऱ्यावरच्या हॉटेलात पातळ भाजी, उंडे आणि दोन दोन चहा झाले. बांगडे टेबलाखाली. काकूंचे चार फोन आले. चौथ्याला काकांनी "लाइन फॉल्टी आहे" असं सांगून ठेवला. वेळ दोघांपैकी कोणाच्याच हातावर नव्हती. वेटरला विचारत होतो.

चार वाजून वीस मिनिटांनी शटर उघडलं. मुलाने आरसा दिला, एचएमटी दिलं, पट्टा उद्या म्हणाला. मग ड्रॉवरमधून लायसन्स काढून ट्यूबलाइटखाली धरलं, फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"अंकल, हे तुमचंच ना?"