मॉर्फिनच्या गोळ्या पाकिटात ठेवू नका

"शेवटच्या स्टेजला मॉर्फिन म्हणजे विष, त्याचं व्यसन लागतं. अगदी असह्य झालं तरच द्या. खाणं सुटलं की सलाइन लावा, साखर तोडा." हा फॉरवर्ड ओळखीच्या एका घरी पोचला आणि कॅन्सर झालेल्या आजींच्या गोळ्या दोन रात्री पाकिटातच राहिल्या. आजी रात्रभर कण्हत होत्या. कशासाठी?

कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावर मॉर्फिन द्यावं, शक्यतो तोंडाने आणि घड्याळ बघून, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचना सांगतात. साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो. म्हणून सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्रीचा डोस डॉक्टर बहुतेकदा दुप्पट लिहितात, म्हणजे पहाटे २ ला उठवावं लागत नाही. थकलेल्या वृद्धांना सुरुवात अडीच ते पाच मिलिग्रॅमने होते. "असह्य झालं तरच" दिली, तर गोळी लागू पडेपर्यंत अर्धा तास जातो, तोवर कळ डोक्यात गेलेली असते आणि आवरायला जास्त औषध लागतं. मधल्या कळेसाठी जादा डोस वेगळा लिहून घ्या. तो साधारण दिवसभराच्या मात्रेचा सहावा भाग असतो.

गुंगी येते, हे मान्य. पहिले दोन-तीन दिवस येतेच. किडनी कमजोर असेल तर औषध अंगात साठतं, हातपाय उडायला लागतात. हाका मारून, खांदा हलवूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठाच्या खाली गेला असेल, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. पण नेमून दिलेल्या मात्रेने मरण ओढवत नाही.

खरा त्रास होतो तो बद्धकोष्ठाचा, आणि त्याबद्दल फॉरवर्डमध्ये अक्षर नाही! पहिल्या गोळीसोबतच डॉक्टरांकडून पोट साफ करणारं औषध, बिसाकोडिल किंवा सोनामुखी, लिहून घ्या. इसबगोल नको. पाणी कमी पिणाऱ्याच्या आतड्यात ते घट्ट बसतं.

व्यसनाचं म्हणाल, तर शरीराला सवय होते, म्हणून गोळी एकदम तोडायची नाही, एवढंच.

अखेरच्या दिवसांत सलाइनचं पाणी शरीराला पेलत नाही. पाय सुजतात, घशातली घरघर वाढते. आडवं झोपवून पाणी ओतलं तर ठसका लागून ते फुप्फुसात जातं. गिळता येत असेल तर पाठीला उशा लावून चमचाभर द्या. नसेल तर बोटाला ओलं गॉझ गुंडाळून दर दोन तासांनी जीभ आणि गाल आतून पुसा, ओठांवर तुपाचं बोट फिरवा. आणि साखर? ती तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही. श्रीखंड मागितलं तर द्या.

मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मान्यताप्राप्त ठिकाणच्या पॅलिएटिव्ह केअर (दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या) विभागातून आणावं लागतं. पेशंटला न नेता फाइल दाखवून चालतं का, ते आधी विचारून घ्या आणि चार दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच निघा.