तीन दिवसांत अंगावरचं बंद? त्या फॉरवर्डला उत्तर

इंदूरच्या मराठी घरांतल्या ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. प्रसूती रजा संपत आलेल्या आईला तो सांगतो: सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाचं पाणी होतं, म्हणून तीन दिवसांत अंगावरचं पूर्ण तोडा. बाळ डब्याचं, म्हणजे पावडरचं दूध घेत नसेल तर उपाशी ठेवा, झक मारत घेईल. कोमट पाण्यात पावडर जरा सढळ घाला, म्हणजे रात्रभर झोपेल. डबा परवडत नसेल तर गाईच्या दुधात निम्मं पाणी. आणि पचलं नाही तर कंपनी बदला.

डब्याच्या दुधावर बाळं चांगली वाढतात, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. चूक आहे ती घाईत आणि अंदाजपंचे मापात.

दुधाचं पाणी होत नाही. सहाव्या महिन्यानंतरही आईच्या दुधाच्या 100 मिलीत साधारण 65 ते 70 कॅलरी असतात. बदलतं ते बाळ. त्याची भूक वाढते, लोहाची गरज वाढते, म्हणून वरण-भात, दलिया सुरू करायचा. तरीही वर्षाचं होईपर्यंत निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा आईच्या दुधातून मिळू शकते. तेव्हा वरचं लावायचं ते आईला कामावर जायचंय म्हणून, किंवा तिला आता पाजायचं नाही म्हणून. दूध ‘संपलं’ म्हणून नव्हे. शिवाय सगळंच तोडायला हवं असंही नाही. सकाळी-रात्री अंगावर आणि दुपारी वाटी-चमच्याने वरचं, हे महिनोन्‌महिने चालतं.

आता ते तीन दिवस. बाळ ओढतं तितकं दूध बनतं. दूध आत साचून राहिलं की शरीर हळूहळू उत्पादन कमी करतं, पण त्याला दिवस लागतात. एकदम तोडलं तर छाती दगडासारखी दाटते, गाठी होतात, थंडी वाजून ताप येतो. वेळीच लक्ष दिलं नाही तर पूसुद्धा होतो. म्हणून दर 3 ते 5 दिवसांनी एकच पाजणं कमी करायचं. आधी दुपारचं, मग संध्याकाळचं. पहाटेचं आणि झोपतानाचं शेवटी. दिवसाला सहा वेळा पाजत असाल तर पूर्ण बदलाला तीन-चार आठवडे धरा. कामावर रुजू व्हायच्या तारखेपासून मागे मोजा. कायद्याने रजा 26 आठवड्यांची, पण त्यातले 8 बाळंतपणाआधी घेतले असतील तर रुजू होताना बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचं असतं. तेव्हा वरण-भाताचा आधार नसतो.

मधल्या काळात छाती दाटली तर हाताने थोडं काढा, ताण उतरेल इतकंच. पूर्ण रिकामी केली तर शरीर तेवढंच पुन्हा भरतं. थंड ओलं फडकं ठेवा. घट्ट पट्टा बांधायची जुनी पद्धत सोडा, त्याने गाठी वाढतात. लाल, गरम चट्टा आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि त्या बाजूचं पाजणं अचानक थांबवू नका. ते दूध बाळाला बाधत नाही. दूध आटवायच्या गोळ्या मेडिकलवरून परस्पर आणू नका. रक्तदाब जास्त असलेल्या बाईला त्या धोक्याच्या ठरू शकतात.

उपाशी ठेवण्याचा सल्ला तर उलटाच आहे. भुकेने कळवळलेलं बाळ नवीन काही शिकत नाही, ते फक्त रडतं. अर्धवट भूक असताना, आजी किंवा बाबांच्या मांडीवर, आई दुसऱ्या खोलीत असताना 15-30 मिली देऊन बघा. बाळ जरा उभट धरा, बाटली आडवी, निपल हळू गळणारं, आणि दर मिनिटा-दीड मिनिटाने थांबा. नाहीतर दूध आपोआप तोंडात येत राहतं आणि बाळ गरजेपेक्षा जास्त पितं. वाटी-चमचा सगळ्यात सोपा. बोंडलंही चालतं, पण त्याच्या चोचीत दुधाची साय अडकून राहते. बारीक ब्रश नसेल तर बोंडलं नको.

सगळ्यात धोकादायक शब्द म्हणजे ‘सढळ’. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं, पण चमचा त्याच डब्यातला हवा. प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. चमचा दाबून भरायचा नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. आधी पाणी मोजून घ्या, मग पावडर. उलट केलं तर रेघेपर्यंत पाणी कमी बसतं आणि दूध घट्ट होतं. घट्ट दुधाने बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण पडतो, रक्तात सोडियम वाढतं, शीचा खडा होतो. इंदूरच्या मे महिन्यात तर बाळ तहानेने रडतं, घरचे भूक समजून आणखी घट्ट दूध देतात. डबा पुरवायला पातळ करणंही तितकंच वाईट: वजन थांबतं, आणि फार पाणी गेलं तर फिट येऊ शकते. झोप यावी म्हणून बाटलीत तांदळाची पेज किंवा बिस्किट घालायचं नाही.

किती द्यायचं? पूर्ण डब्यावर असलेल्या, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 150 मिली. म्हणजे 6 किलोच्या बाळाला 900 मिली, सहा-सात वेळांत विभागून. त्याने तोंड फिरवलं की उरलेलं टाकून द्यायचं.

पाणी ‘कोमट’ का नको? पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, आणि ते मारायला पाणी 70 अंशांहून गरम लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत सोपी आहे: निदान एक लिटर पाणी खळखळून उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. पातेलीत कपभरच उकळलं तर ते काही मिनिटांतच निवतं. दूध कालवलं की बाटली थंड पाण्यात धरून निववा, मनगटावर दोन थेंब टाकून बघा. दोन महिन्यांच्या आतलं, वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर इथे अजिबात तडजोड नको.

इंदूरला नळाला येणारं नर्मदेचं पाणी टाकीत साठवलेलं असतं, ते उकळल्याशिवाय नाहीच. बोरिंगच्या पाण्याची गोष्ट वेगळी: त्यात नायट्रेट असेल तर उकळून ते जात नाही, उलट दाट होतं. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी करू शकतं, बाळ निळसर पडतं. म्हणून बोरिंगचं पाणी आधी आरओचं, मग उकळलेलं.

तयार दूध बाहेर दोन तास, पाजायला घेतलं की त्या क्षणापासून एक तास. पुन्हा गरम करून द्यायचं नाही. रात्रीच्या गाडीने पुण्याला जाताना चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि कोरड्या डब्यांमध्ये मोजलेली पावडर घ्या, कालवा तिथल्या तिथे.

गाईच्या दुधाच्या 100 मिलीत सुमारे 3.2 ग्रॅम प्रथिनं, आईच्या दुधात एक ग्रॅमच्या आसपास. निम्मं पाणी घातल्याने प्रथिनं कमी होतात खरी, पण कॅलरीही निम्म्यावर येतात, आणि लोह मुळातच नसल्यासारखं. शिवाय कोवळ्या आतड्यातून नकळत थोडं रक्त झिरपतं. सांची डेअरीच्या दुधाची थैली असो की दूधवाल्याचं सुटं दूध, वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको. सहा महिन्यांनंतर दही किंवा खिरीत थोडं चालतं. वर्षानंतर पेल्यातून, दिवसाला 400-500 मिलीपर्यंत.

कंपनी बदलण्याआधी थांबा. डबा सुरू झाल्यावर शी घट्ट, हिरवट-पिवळी आणि वासाची होते, एखाद-दोन दिवस होतही नाही. चमचाभर गुळणी टाकणंही नेहमीचं. चार दिवसांत तीन डबे बदलले तर नेमकं काय बाधलं ते कळायला मार्गच राहत नाही. सहा महिन्यांनंतर दोन नंबरचा डबाच हवा असंही नाही. एक नंबरचा वर्षापर्यंत चालतो. काही ग्रुपांवर या मेसेजखाली डब्यावरची सवलतही चिकटवलेली असते. दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या दुधाची अशी जाहिरात 1992 च्या कायद्याने आणि 2003 च्या दुरुस्तीने बंद आहे.

शीमध्ये रक्त किंवा शेंबडासारखा भरपूर चिकटा, अंगावर गांधी, वारंवार उलट्या, श्वासाला घरघर, यांपैकी काही दिसलं तर स्वतःहून सोयाचं किंवा बकरीचं दूध सुरू न करता बाळाला डॉक्टरांकडे न्या. दिवसाला सहापेक्षा कमी दुपटी ओली होत असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.