पांढरी शाई नसते, हे आधी सांगायला काय होतं?

'घरच्या प्रिंटरवर स्वतःचे डिकॅल बनवा!' ही ओळ दिसली तरी आता डोकं फिरतं. डिकॅल म्हणजे छोट्या मॉडेल गाड्यांवर चिकटवायची, पातळ फिल्मवर छापलेली चित्रं. ती ज्यावर छापतात त्या वॉटरस्लाइड कागदाच्या पाकिटावर तेच, व्हिडिओत तेच. चित्र काढा, छापा, पाण्यात टाका, गाडीवर सरकवा, झालं. काही होत नाही झालं! घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो आणि नेमकी तीच गोष्ट सांगायची वेळ आली की सगळ्यांची दातखीळ बसते.

प्रिंटरमध्ये सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा एवढेच रंग. पांढरं जे दिसतं तो कागद असतो, तिथे प्रिंटर काही छापतच नाही. साध्या कागदावर हे चालून जातं. पारदर्शक डिकॅलवर त्या जागी नुसती फिल्म राहते आणि खालचा गाडीचा रंग दिसतो. बरं, उरलेल्या शायाही पारदर्शकच. लाल गाडीवर पिवळा आकडा लावला की तो लालातच मिसळून जातो, धड दिसतच नाही. काळ्या गाडीवर तर लावला काय नि न लावला काय.

मला 1:64 मध्ये, म्हणजे खरीच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढी, पोर्शे 917 करायची आहे, 1970-71 च्या शर्यतींत धावलेली, गल्फ या तेल कंपनीच्या रंगांतली. फिकट निळी गाडी, मधोमध नारिंगी पट्टा, पांढऱ्या गोलात काळा आकडा. आता नारिंगी म्हणजे मॅजेंटा आणि पिवळा, तो पडणार निळ्यावर. स्क्रीनवर झळझळीत दिसणारा पट्टा गाडीवर जाऊन मळकट तपकिरी होतो. जगातल्या सगळ्यात देखण्या रंगसंगतींपैकी एक, आणि तिची ही अवस्था! पांढरा गोल तर येतच नाही, निळ्यावर नुसता आकडा तरंगत राहतो.

मग लोक शहाणपणा शिकवतात, 'पांढऱ्या बेसचा कागद घ्या.' घेतला. त्याची फिल्मच पांढरी असते, म्हणजे जे छापलं ते अगदी कडेला कडा लावून कापायचं. 1:64 वर 0.1 मिमी चूक म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ साडेसहा मिमी. नवं ब्लेड, स्टीलची पट्टी, भिंग, श्वास रोखून कापलं तरी फिल्मची कापलेली कड पांढरी दिसतेच. नारिंगी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी बॉनेटपासून मागच्या टोकापर्यंत बारीक पांढरी रेघ. आणि निळ्यावर पांढरी अक्षरं हवी असतील तर भोवतालचा निळा रंगही छापायचा, आणि तो गाडीच्या पेंटशी जुळवायचा. दिवसा जुळलेला रंग रात्री ट्यूबलाइटखाली वेगळा दिसतो. कोण जुळवणार?

हे जमत नव्हतं अशातलाही भाग नाही. आल्प्स कंपनीचे मायक्रोड्राय प्रिंटर रिबनवरून पांढरा छापायचे, सोनेरी-चंदेरीसुद्धा. मॉडेलवाल्यांनी ते अक्षरशः जपून वापरले. ते बनायचे बंद झाले आणि घरात ठेवता येईल असं, सामान्य माणसाला परवडेल असं दुसरं काही त्या जागी आलं नाही. पांढऱ्या टोनरचे लेझर प्रिंटर आहेत, पण ते छपाईचा धंदा करणाऱ्यांसाठी. चार गाड्या रंगवणाऱ्याने काय करायचं?

बरं, छापलं म्हणजे सुटलो असंही नाही. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते आणि डिकॅल तर पाण्यातच भिजवायचं असतं! म्हणून वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, स्प्रे मारायचा, पातळ पातळ हातांनी, प्रत्येक हात वाळू देत. कुठे टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी तिथून शाई पसरते. भोकं बुजवायला जास्त हात मारले तर फिल्म जाड होते आणि ताठरते. कारखान्यातून आलेलं डिकॅल मायक्रो सोलसारख्या द्रावणाने लोण्यासारखं मऊ पडतं आणि दाराच्या फटीत, खिडकीच्या कडेवर बसतं. आमचं घरचं डिकॅल? कुठल्या क्लिअरवर द्रावणाचा ढिम्म परिणाम होत नाही, आणि कुठला क्लिअर शाईसकट वितळतो. आधी कोणी सांगत नाही. गाडीवर लावल्यावरच कळतं.

917 चं मडगार्ड दोन्ही बाजूंनी फुगीर. सपाट फिल्म तिथे टेकवली की एका बाजूला सुरकुती, दुसऱ्या बाजूला फुगा. चिमट्याने सुरकुती सरळ करायला जावं तर कोपरा दुमडून स्वतःलाच चिकटतो. तो सोडवताना फाटतो. रंग मॅट असेल तर खाली हवा अडकून चंदेरी झाक येते ती वेगळीच, म्हणून डिकॅलच्या आधी चकचकीत ग्लॉस कोट हवाच. एवढं सगळं नीट केलं आणि छापतानाच्या खिडकीत 'पानात बसवा' आपोआप निवडलेलं असलं की मुसळ केरात. ते गुपचूप 97 टक्के करून टाकतं आणि 60 मिमीचा पट्टा जवळजवळ 2 मिमी आखूड येतो. मी 100 टक्के मागितले असताना न विचारता लहान करायचा अधिकार या सॉफ्टवेअरला दिला कोणी?

आणि यावर उत्तर काय मिळतं, तर 'तयार शीट घ्या.' कुठून घेऊ? चांगल्या शीट निघतात त्या बहुतेक 1:24 आणि 1:43 च्या. 1:64 गोळा करणारे, रंगवणारे इतके लोक आहेत, तरी आमच्या मापात हवी ती गाडी शोधून सापडत नाही. सापडलीच तर 1:24 च्या शीटचं चित्र कोणीतरी 37.5 टक्क्यांवर आणून तसंच छापलेलं. अरे, नुसतं लहान करून भागत नाही! खऱ्या गाडीवर 5 सेंमी उंच असलेलं प्रायोजकाचं अक्षर 1:64 वर 0.8 मिमीसुद्धा भरत नाही. 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरले तर, त्याच्या वाट्याला उंचीत जेमतेम 18 ठिपके येतात, आणि रंगीत असेल तर तोच रंग दोन-तीन शायांचे ठिपके मिसळून बनवायचा. त्या अक्षराची रेघ जाड करावी लागते, आतली पोकळी मोकळी करावी लागते, मधलं अंतर वाढवावं लागतं. हे काम हाताने, एकेका अक्षराला बसून करावं लागतं. ते न करता शीट विकायला काढणाऱ्यांनी आमच्याकडून पूर्ण पैसे घेऊ नयेत.