अपेक्षा जरा खालच्या पट्टीत

संगीतावरचा विनोदी प्रेमपट लावण्याआधी अपेक्षा उतरवून ठेवाव्यात, हे सगळेच सांगतात. किती उतरवायच्या, ते कुणी सांगत नाही. कथेपुरत्या त्या सहज उतरतात. मोडीत निघालेला गायक, त्याला ताळ्यावर आणायला आलेली मुलगी, अर्ध्या तासात ओळख, सव्वा तासात गैरसमज आणि शेवटी खचाखच भरलेल्या कार्यक्रमात माइकवरून जाहीर कबुली, हे सगळं आपण पोस्टर बघतानाच गिळलेलं असतं. दोघं एकत्र येणार की नाही, याची चिंता लेखकालाही नसते. घोळ होतो तो वेगळाच. मन समजूत काढली की गप्प बसतं, डोळे मिटता येतात, पण कान काही केल्या ऐकत नाहीत.

पहिला फटका गिटारचा. नायिका अडगळीतून वडिलांची गिटार काढते. पेटीत दहा-बारा वर्षं पडलेली. फुंकर मारून धूळ उडवते, कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या काही सुरांचा झुबका, छेडते, आणि गिटार सुरात! स्टीलच्या सहा तारांचा मिळून सुमारे 70 किलोंचा ताण असतो. म्हणजे चांगला खातापिता माणूस दहा वर्षं त्या लाकडाला लोंबकळतोय. हवेतला दमटपणा कमीजास्त झाला की लाकूड फुगतं-आकसतं, तारा उतरतात, वर गंज चढतो. अशी तार खुंटी पिळून वर चढवायला गेलं की बऱ्याचदा ती तुटून हातावर सपकन बसते. खरी नायिका पहिली पंधरा मिनिटं खुंट्याच पिळत बसली असती आणि नव्या तारा मिळेपर्यंत प्रेम पुढे ढकलावं लागलं असतं.

मग येतात हात. नटाला गिटार येत नसेल, तर कॅमेरा चेहरा आणि बोटं एका चौकटीत घेत नाही. चेहरा नटाचा, बोटं भाड्याची, मधे कट. कट झाला की नखं बघावीत, लगेच कळतं. चुकून चौकट मोठी राहिली तर खरी गंमत. गाण्यात कॉर्ड चारच असतात: सी, जी, ए मायनर, एफ. अर्धं पॉप संगीत याच चौघांच्या खांद्यावर उभं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एफ नीट वाजवायचा तर तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबाव्या लागतात. शिकणाऱ्यांचं रडं तिथेच सुरू होतं. एफ आला, गेला, आणि नायकाचा डावा हात होता तिथेच? तर तो गिटार वाजवत नाहीये, सांभाळतोय.

ओठांचंही तसंच. गाणं आधी रेकॉर्ड होतं, नट नंतर त्यावर ओठ हलवतो. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी पळतो, एक चौकट साधारण 42 मिलिसेकंदांची. आवाज ओठांच्या एवढा जरी पुढे गेला तरी आपल्याला खटकायला लागतं. मागे राहिला तर मात्र तीनेक चौकटी आपण चालवून घेतो, कारण लांबचा आवाज उशिरा येणारच, हे कानांना जन्मापासून ठाऊक असतं. एक रास्त सूचना: नटाच्या नावाने बोटं मोडण्याआधी टीव्हीला ब्लूटूथ स्पीकर तर जोडलेला नाही ना, ते पाहावं. त्यात आवाज मागे पडतो. वायर लावली की बऱ्याच नटांचा अभिनय सुधारतो.

युगुलगीत हा तर चमत्कारच. दोघं पहिल्यांदा भेटतात आणि कुणी कुणाला पट्टी विचारत नाही. पुरुषाचा गळा हार्मोनियमच्या काळी एकला सुखात असेल, तर बाईचा काळी चार किंवा पाचला. मधे पंचमाचं, म्हणजे सा ते प एवढं, किंवा त्याहून थोडं जास्तच अंतर. खऱ्या आयुष्यात पहिल्या ओळीला दोघांपैकी एक जण किंचाळतो नाहीतर विहिरीतून बोलल्यासारखा पुटपुटतो. मग दहा मिनिटं वाटाघाटी. लग्नाआधी पत्रिकेऐवजी पट्टीच जुळवून पाहावी, असं माझं मत आहे.

शेवटच्या कार्यक्रमात ती लाजत माइकपाशी येते आणि स्पीकर ‘कुईंऽऽ’ करतो. हा आवाज लाजेने येत नाही हो! स्पीकरमधला आवाज माइकमध्ये परत शिरला आणि फिरून मोठा होत गेला की येतो. आत्मविश्वासाने आलेल्या बाईलाही तो तितकाच येईल. मागच्या गर्दीतला एखादा भलत्याच ठेक्यावर नाचताना दिसला, तर त्याला मात्र माफ करावं. पुढे संवाद चालू असताना गाणं बंद ठेवतात, नाहीतर संवाद रेकॉर्ड होणार नाहीत. फार तर खालच्या सुरातला नुसता धप-धप ठोका ऐकवतात, तो पुढे गाळून टाकता येतो. तोही नसेल, तर ती बिचारी माणसं शांततेत बेभान झालेली असतात.

एवढं सगळं धरूनही या सिनेमांची मला दया येते. चित्रकाराच्या सिनेमात कॅनव्हासची पाठ दाखवून भागतं. थोर कादंबरीकाराच्या सिनेमात एकही पान वाचून दाखवावं लागत नाही, टंकलेखन यंत्राची टकटक पुरते. इथे ‘हे गाणं जग हलवेल’ असं पडद्यावर कुणी म्हणालं, की पुढच्या मिनिटाला ते गाणं वाजवून दाखवावं लागतं. जग जागचं हलत नाही, ते आपल्याला बसल्या जागी कळतं.

मग सिनेमा एक जुनी युक्ती करतो. तीच चाल आधी गुणगुणून, मग पियानोवर अर्धवट, मग भांडताना, मग विरहात संथ, आणि शेवटी पूर्ण वाद्यवृंदासह, शेवटच्या कडव्याला एक सूर वर चढवून. पाचदा. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडायला लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्येच प्रयोगांनी दाखवलं होतं. कथेला नावं ठेवण्यात आपण गुंतलेलो असतो आणि चाल मागच्या दाराने आत येऊन बसते.

श्रेयनामावली सुरू झाली की उठू नये. ती भाड्याची बोटं कुणाची होती, ते नाव बहुधा तिथेच, बारीक अक्षरात, गिटारच्या ओळीत सापडतं. नजर वरून खाली सरकत असते, मागे तेच गाणं सहाव्यांदा लागलेलं असतं, आणि एफ कुठे येणार हे पायाच्या अंगठ्याला आधीच कळलेलं असतं.